छत्तीस आऱ्यांचं चाक

गोडादरा, सुरत
११ नोव्हेंबर २०२४

हेमराज,

'प्रिय भाऊ' लिहायला हात वळत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलंय. सहा वर्षांपूर्वी मी सगळ्यांसमोर म्हणाले होते, की सख्खा भाऊ असलास तरी तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही. ते मी पाळलंय. लिहिणार नाही असं काही म्हणाले नव्हते. तुझं कामरेज इथून सतरा किलोमीटर, तरी पोस्टातून पाकीट आणून लिहिते आहे, यावरून काय ते समज.

कामाचं विचारायचं आहे. तुझं सायकलचं दुकान आहे आणि पंचवीस वर्षं तू हेच करतोस, एवढ्यासाठीच विचारते. माझ्यासारख्या बाईने कोणती सायकल घ्यावी?

का, ते सांगते. मी अजून उधन्यालाच आहे, साड्या तपासून घड्या घालायच्या खात्यात. दिवाळीच्या सुट्टीनंतर परवा पहिल्यांदा कामावर निघाले. नाक्यावर शटल रिक्षात बसले. मागे आम्ही तिघी, पुढे ड्रायव्हरशेजारी एक माणूस. चौथी बाई आली तसा ड्रायव्हर वळून मला म्हणाला, "बेन, तमे ऊतरो. बे सवारीनी जग्या लो छो." दोन माणसांची जागा घेता म्हणे. माझ्या शेजारी आमच्या खात्यातली सरलाबाई बसली होती. अकरा वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खातो. ती दुसऱ्या बाजूने बाहेर बघायला लागली. मी उतरले. भांडले नाही, याचा मला अजून राग येतो. रेल्वेच्या पुलावरून चालत गेले. माझा उजवा गुडघा चढाला साथ देत नाही, चार ठिकाणी थांबले, आणि पोचले तेव्हा फाटक बंद झालं होतं. दिवाळीनंतरचा पहिला दिवस आणि मी फाटकाबाहेर, पायरीवर बसलेली. आमचा शेठ उशिरा येणाऱ्याला महिन्यातून तीनदा माफ करतो, चौथ्यांदा घरी पाठवतो. मी घरी बसले तर आमच्या घराचं काय होईल ते तुला सांगायला नको. यांच्या छातीत लूमची कापसाची धूळ बसली आहे, डॉक्टरांनी कारखाना बंद सांगितलाय.

दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली, चालू नका, सायकल चालवा, गुडघ्यावर भार येत नाही. सगळे म्हणतात स्कूटर घे. स्कूटरने गुडघ्याला काय होणार?

वय सत्तेचाळीस. वजन ब्याण्णव. सायकल कधी चालवलेली नाही. का चालवलेली नाही, ते तुला माहीत आहे. लिंबायतच्या चाळीत तू गल्लीतल्या सगळ्या पोरांना बाबांच्या सायकलवर शिकवलंस. मी मागे कॅरिअर धरून पळायचे. माझी पाळी आली की माय म्हणायची, "तू बठशी तं सायकल मोडी जाई," आणि तू हसायचास. मी तेव्हा नऊ वर्षांची होते.

उलट टपाली कळव. ख्यालीखुशाली लिहू नकोस.

उज्ज्वला


गोडादरा
२ डिसेंबर २०२४

हेमराज,

तीन आठवडे झाले. तुझं उत्तर नाही. माझ्या नावाचं पाकीट बघून लीलावहिनीने चुलीत घातलं असेल असं मी धरून चालले होते, पण हे म्हणाले, "तुझ्या भावाकडे गॅस आहे." म्हणजे तूच लिहिलं नाहीस.

मग मी माझी मीच गेले. तीन दुकानं केली. पहिल्या दुकानदाराने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि घरात ठेवून पाय मारायची सायकल दाखवली, जी कुठेच जात नाही. मी म्हटलं, मला उधन्याला जायचंय. तो म्हणाला, "आमां पण कसरत थाय." यातही व्यायाम होतो म्हणे. दुसऱ्याने लहान चाकांची, मध्ये दुमडणारी दाखवली. मी सीटवर हात ठेवून जोर दिला तर ती दबली. तो घाईने म्हणाला, राहू द्या, राहू द्या. गिऱ्हाईक मी होते आणि भीती त्याला सायकलची.

तिसरा मात्र नीट बोलला. सायकल लाल, पुढे धक्के झेलणारे जाड जाड शॉकर, एकवीस गिअर. मी विचारलं, माझं वजन पेलेल का? "बेन, आ तो पहाड पर चाले." मी विचारलं, सुरतेत पहाड कुठे आहे? तो म्हणाला, "एटले ज तो, म्हणूनच तर. सुरत सपाट छे, तुम्हाला काही कळणारसुद्धा नाही." मला आवडली. घेतली.

आणि मी शिकले, हेमराज. सकाळी सहाला शाळेच्या मैदानावर. सुकलाल मागे सीट धरून. तुझ्या मेहुण्याचं वजन बावन्न किलो, मी कलले की तोही माझ्याबरोबर कलायचा. आठ दिवस आम्ही दोघं मिळून पडत होतो. मैदानात चालायला येणारी माणसं थांबून बघायची. एक म्हातारा रोज म्हणायचा, "आ उंमरे?" नवव्या दिवशी मी त्याला वळसा घालून गेले आणि पुढे दोन चकरा मारल्या. मागे वळून पाहिलं तर सुकलाल मैदानाच्या पलीकडच्या टोकाला भिंतीला टेकून धापा टाकत उभा होता. त्याने केव्हाच सोडलं होतं.

आता कामावर सायकलने जाते. पुलाच्या पायथ्याशी उतरते, ढकलत वर नेते, उतारावर बसते. पोचते वेळेवर. एकवीस गिअरमधले मला तीन कळले, बाकीचे खडखड करतात. तुझ्यावाचून काही अडलं नाही हे कळवावं म्हणून हे पत्र.

उज्ज्वला


गोडादरा
२३ डिसेंबर २०२४

हेमराज,

तुझं पत्र आलं. चार तारखेचा शिक्का. म्हणजे माझं दुसरं पत्र पोचल्यावर बसलास लिहायला, आधी नाही. वर नाव नाही, खाली सही नाही. दोन ओळी. "ती सायकल परत कर, मागचं चाक टिकणार नाही. वजन खरं लिही, मग सांगतो."

वजन खरं लिही. हे वाचून मी इतकी संतापले की पत्र चुरगाळून टाकलं. तू मला खोटारडी म्हणतोस. तू. ते पत्र मी पुन्हा उचललं ते मंगळवारी.

मंगळवारी काय झालं ते ऐक. मला वाटलं, किती दिवस पुलावर ढकलत न्यायची? मी बसूनच चढ घेतला. अर्ध्यात पाय जड झाले. हाताला लागला तो गिअर ओढला. मागून कडकड असा आवाज आला, चाक डगमगलं, चेन उतरली, आणि मी रस्त्याच्या मधोमध आडवी झाले. मागून टेम्पो येत होता, त्याने वेळेवर ब्रेक मारला म्हणून हे लिहिते आहे. कोपर सोललं, सलवार फाटली. एक शटल रिक्षा हळू होऊन बाजूने गेली. तिच्यात आमच्या खात्यातल्या बायका होत्या. त्यांतल्या दोघी हसत होत्या.

सरलाबाई उतरली. तिने सायकलचं मागचं चाक उचलून धरलं, मी पुढचं. फिरत नव्हतं ते. तसंच उचलून आम्ही पूल उतरलो. ती म्हणाली, "त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं." मी म्हटलं, हो, पाहिजे होतं. दोघींनाही उशीर झाला. चेन उतरल्याने माझा आधी दोनदा झालाच होता, हा या महिन्यातला तिसरा.

रविवारी सायकल दुकानात घेऊन गेले. तीन आरे तुटले, मधला एक्सल वाकला. तोच माणूस, जो पहाडाचं बोलत होता, म्हणाला, वॉरंटीत बसत नाही, कारण "वजननो प्रॉब्लेम". मी म्हटलं, विकताना तुला माझं वजन दिसत नव्हतं का? झाकून आले होते का मी? दुकानातली चार माणसं ऐकत होती. मला वाटलं जमीन फाटावी. मग वाटलं, माझ्यासाठी का फाटावी? त्याच्यासाठी फाटू दे. मी तिथेच स्टुलावर बसून राहिले, संध्याकाळपर्यंत. गिऱ्हाईक आलं की सांगायची, हे चाक बघा, एक महिना झाला. शेवटी त्याने सायकल ठेवून घेतली आणि पैसे परत देऊन मला मोकळं केलं.

तर आता सायकल नाही. मी पुन्हा पायी. चौथा उशीर कधीही होईल.

वजन एकशे सहा किलो आहे. दवाखान्याच्या काट्यावर, चपला काढून. ब्याण्णव होतं ते चैतालीच्या साखरपुड्याच्या वर्षी. तू तेव्हा मला काय म्हणालास ते मी विसरलेले नाही. "पाहुण्यांसमोर येऊ नकोस उज्ज्वला, पोरगी आत्यावर गेली म्हणतील." ब्याण्णवला तुला माझी लाज वाटत होती, तर एकशे सहा तुला कशी लिहिणार होते?

आता लिहिली. सांग काय सांगायचं ते.

उज्ज्वला


गोडादरा
१३ जानेवारी २०२५

हेमराज,

तुझे चार कागद मिळाले. एवढं तू शाळेत असताना सुद्धा लिहिलं नसशील. खालीवर अजून नाव नाहीच, पण निदान सरळ ओळीत लिहिलं आहेस.

सगळं दोनदा वाचलं. शॉकर नको, तो प्रत्येक पायडलला ताकद खातो आणि स्वस्तातला असेल तर वर्षात बसतो. फ्रेम लोखंडी, मधली दांडी खाली, म्हणजे पाय उंच न करता बसता येईल. टायर दोन बोटांएवढा रुंद. मागच्या चाकाला छत्तीस आरे, जाड तारेचे, कारण माणसाचा बहुतेक भार मागे पडतो आणि माझ्या त्या लाल सायकलच्या चाकाच्या मधला हब असा होता की एक्सलला टोकाशी आधार नव्हता, म्हणून तो वाकला. हे वाचताना मला पहिल्यांदा वाटलं, की दोष त्या चाकाचा होता. महिनाभर सगळे मला सांगत होते की दोष माझा. तू असं कुठेच लिहिलं नाहीस. तू लिहिलंस, "या वजनाला हे चाक लागतं," जसं पायाला मापाची चप्पल लागते. ते मी तीनदा वाचलं.

पण मी विचारलेलं नसताना सायकल पाठवलीस का? मी सल्ला मागितला होता. काल सकाळी दारात टेम्पो उभा राहिला आणि त्यातून चैताली उतरली. सहा वर्षांत मी तिला पाहिलं नव्हतं. केस कापलेत, चष्मा लागलाय. मला आधी ओळखूच आली नाही, मला वाटलं कुणी मीटर बघायला आली. ती म्हणाली, "आत्या, पप्पांनी बांधलीय. चाक तीन वेळा खोललं आणि तीन वेळा बांधलं. दुकानात कुणाला हात लावू दिला नाही."

मी म्हटलं, मला भीक नको. ती म्हणाली, "मग परत न्यायला तूच उचल. मला झेपत नाही." तुझीच मुलगी आहे.

तिने सगळं समजावलं. पुढे एकच चक्र, बत्तीस दात्यांचं. मागे आठ, सगळ्यांत मोठं चौतीस दात्यांचं. डाव्या हाताला काही काम नाही, फक्त उजव्या अंगठ्याने गिअर. पुलाच्या पायथ्यालाच हलका करायचा, चढावर जोर लावलेला असताना बदलायचा नाही. मी त्या दिवशी नेमकं तेच केलं होतं. सीट सध्या खाली, दोन्ही पाय टेकतील अशी, मग दर पंधरा दिवसांनी एक बोट वर, नाहीतर गुडघा दुखेल. आणि पहिल्या दोन आठवड्यांनी आरे पुन्हा कसायचे. हे तिने मला दाखवलं, एकेक तार बोटाने छेडून, आवाज ऐकून. लॅबमध्ये रक्त तपासते म्हणाली, पण चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायला तुझ्याकडून शिकलीय. म्हणजे तुझ्या मुलीला तू शिकवलंस.

जेवायला थांबली. भाकरी आणि शेवभाजी केली होती. जेवताना तिने मला काहीतरी विचारलं. मी चहा ठेवायला उठले.

उद्या उत्तरायण. मांजा लटकत असतो तोवर पुलावर जाऊ नकोस, गळ्याला ओढणी नीट गुंडाळ, असं तू लिहिलंस. मला कळतं. मी या गावात तुझ्याइतकीच राहिले आहे.

उज्ज्वला

ता.क. सायकल हिरवी का? मला लाल आवडते, तुला ठाऊक होतं.


गोडादरा
३ फेब्रुवारी २०२५

हेमराज,

मी पूल चढले. खाली न उतरता. शुक्रवारी सकाळी साडेसातला.

पायथ्यालाच अंगठा दाबला, एक, दोन, तीन, चौतीसवर आली चेन. मग पाय इतके भराभर फिरायला लागले की मला वाटलं काहीतरी तुटलं. सायकल मात्र चालणाऱ्या माणसाच्या वेगाने. मला हसूच आलं. एक पोतं घेतलेला माणूस माझ्याबरोबरीने चढत होता, तो माझ्याकडे बघायचा, मी त्याच्याकडे. वर आम्ही दोघं एकदमच पोचलो. तो थांबला, मी गेले. खाली रुळांवर मालगाडी उभी होती. खात्यात जाऊन टेबलाशी बसले आणि रडले. सरलाबाईने विचारलं, पडलीस का? मी म्हटलं, नाही.

ही सायकल आल्यापासून एकदाही उशीर नाही. हे मी तुला आनंदाने कळवणार होते आणि तेवढ्यावर पत्र संपवणार होते. शनिवारी लिहिलंही होतं तसं. पाकीट बंद करताना हे म्हणाले, "चैतालीने विचारलं त्याचं काय लिहिलंस?" मी म्हटलं, काही नाही. "मग ते पत्र पूर्ण झालं नाही," म्हणाले. हा माणूस वर्षातून दोनदा बोलतो आणि दोन्ही वेळा मला झोप येत नाही.

तर ऐक. चैतालीने मला जेवताना विचारलं होतं, "आत्या, परवाच कानावर आलं, साखरपुडा मोडायच्या आधी तिकडे कुणाचा तरी फोन गेला होता. नंदुरबारला फोन तू केला होतास ना?"

हो. मी केला होता.

तू मला येऊ नकोस म्हणालास त्याच्या दुसऱ्या दिवशी. नंबर पत्रिकेवरून मिळाला. मुलाच्या आईने उचलला. मी म्हटलं, ज्या मुलीची आत्या तुम्हाला दाखवली नाही, ती मी बोलते आहे. ती चांगली बाई होती. तिने विचारलं, "का हो, का नाही दाखवलं तुम्हाला?" मला एवढंच सांगायचं होतं, की मी जाडी आहे आणि माझ्या भावाला माझी लाज वाटते. ते शब्द तोंडातून निघाले नाहीत. माझ्याच तोंडाने मी माझ्याबद्दल तसं का बोलावं? मी गप्प बसले. ती दोनदा म्हणाली, "काही आजार आहे का घरात? काही दोष आहे का?" मी म्हटलं, "ते माझ्या भावाला विचारा," आणि फोन ठेवला. इतकी गप्प मी आयुष्यात कधी बसले नाही, आणि त्या गप्प बसण्याने त्यांनी साखरपुडा मोडला. तू त्यांना शंभर वेळा सांगितलंस की काही दोष नाही. त्यांना ते पटलं नाही. ज्याने एक माणूस लपवलं तो दुसरंही काही लपवेल, असं त्यांना वाटलं. यात त्यांचं काय चुकलं?

सहा वर्षं मी स्वतःला सांगत आले की हे तुझ्यामुळे झालं. अजूनही म्हणते, सुरुवात तू केलीस. पण चैतालीने मला काय केलं होतं? ती तर साखरपुड्याच्या आठवडाभर आधी मला फोन करून विचारत होती, की आत्या, तू कोणती साडी नेसणार.

हे तुला माहीत होतं की संशय होता, मला ठाऊक नाही. माहीत असूनही तू ते चाक तीन वेळा बांधलं असशील तर मला तुझा आणखीच राग येईल.

उत्तर दे.

उज्ज्वला


गोडादरा
२४ फेब्रुवारी २०२५

हेमराज,

वीस दिवस तू उत्तर दिलं नाहीस, म्हणून काल मी आले. हे तुला माहीतच आहे. पण काल जे बोलायचं राहिलं ते लिहिते, आणि जे तुला दिसलं नाही तेही.

पहाटे साडेपाचला निघाले. सरथाण्यापर्यंत रस्ता मोकळा होता. पुढे ट्रक सुरू झाले तशी कडेने गेले. दोनदा थांबून पाणी प्यायले, एकदा टपरीवर चहा. चहावाल्याने विचारलं, क्यांथी आव्या? मी म्हटलं, गोडादऱ्याहून. त्याने माझ्याकडे पाहिलं, सायकलकडे पाहिलं आणि बसायला बाकडं पुसून दिलं. सतरा किलोमीटरला मला अडीच तास लागले.

तुझं दुकान उघडलं होतं. तीन गिऱ्हाइकं होती. मला वाटलं होतं तू मला बघून आत जाशील. तू उठलास, माझ्याकडे न बघता सरळ मागच्या चाकापाशी बसलास आणि आरे चाचपायला लागलास. मी तिथे घामाने भिजलेली उभी, आणि तू चाकाला नाडी बघितल्यासारखा बोटं लावतोस. सगळ्यांत जास्त राग मला तेव्हा आला.

मी म्हटलं, "चाक ठीक आहे. माझ्याशी बोल."

तू म्हणालास, "एक तार ढिली आहे."

"हेमराज, मी पत्र लिहिलं होतं."

"वाचलं."

"मग?"

तू त्या चाकाला म्हणालास, "चुकलं माझं." मी म्हटलं, वर बघून म्हण. गिऱ्हाइकं ऐकत होती, त्यातला एक जण पंप हातात घेऊन हवा भरायची विसरला होता. तू वर बघितलंस. तुझे डोळे पाहून मला पुढे बोलणं जड गेलं, हे कबूल करते. केस किती पिकलेत तुझे. तू म्हणालास, "मला माहीत होतं फोन तू केलास. पहिल्या दिवसापासून. त्या बाईने मला सांगितलं होतं. मी चैतालीला सांगितलं नाही, कारण मग तू का केलास तेही सांगावं लागलं असतं."

म्हणजे सहा वर्षं तू तिला काहीच सांगितलं नाहीस. तिचं लग्न मोडलं आणि ती कारण शोधत राहिली, आणि आपण दोघं आपापला अपराध घेऊन गप्प. मी तिथे तुला बोलले ते गिऱ्हाइकांसमोर बोलायला नको होतं, पण त्यातला एक शब्द मी मागे घेत नाही. तूही मला बोललास, ते मला लागलं, आणि ते खरं होतं. मग त्या पंपवाल्याला तू म्हणालास, "ही माझी बहीण. गोडादऱ्याहून सायकलवर आलीय." इतकं साधं वाक्य बोलायला तुला सहा वर्षं का लागली, हे मला अजून कळत नाही.

आता जे तुला दिसलं नाही ते.

आत लीलावहिनीने पाणी दिलं आणि ती मुद्दाम मागच्या खोलीत निघून गेली. मी चैतालीसमोर बसले आणि सगळं सांगितलं, तू काय म्हणालास आणि मी काय केलं. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा म्हणेल, जाऊ दे आत्या. माणसं असं म्हणतात. ती म्हणाली, "मी सहा वर्षं समजत होते की माझ्यात काहीतरी आहे. त्या लोकांना माझ्यात काहीतरी दिसलं. दोन स्थळं आली ती मीच नाकारली, म्हटलं त्यांनाही दिसेल. मी माझं सगळं रक्त तपासून घेतलं होतं आत्या. माझ्याच लॅबमध्ये. दोनदा."

मी तिचे हात धरायला गेले. तिने काढून घेतले. रागाने नाही, हळू. म्हणाली, "मला वेळ लागेल. पप्पांना पण आणि तुला पण." मी म्हटलं, घे. आणखी काय म्हणणार होते? सहा वर्षं मी ज्या अपमानाला कवटाळून बसले होते, तो माझा होता. तिच्या वाट्याला आला तो तिचा नव्हताच, आपण दोघांनी तो तिच्या पदरात टाकला. हे तू विसरू नकोस. मी विसरू देणार नाही.

जेवून चारला निघाले. तू ढिली तार कसून दिलीस, सीट एक बोट वर केलीस. नाक्यापर्यंत आले तोच मागून घंटी वाजली. चैताली होती, तुझ्या दुकानातली एक जुनी सायकल घेऊन. मी विचारलं, कुठे? ती म्हणाली, "पुढे."

ती रस्त्याच्या बाजूने, मी कडेने. तासभर आम्ही तशाच गेलो. माझा वेग कमी, तर तिने स्वतःचा कमी केला. ट्रक आला की ती माझ्या आणि ट्रकच्या मध्ये यायची. एकदा म्हणाली, "आत्या, एक गिअर खाली घे, दम लागतोय तुला." मी घेतला. सरथाण्याला सिग्नलपाशी ती थांबली. मी म्हटलं, आता जा, अंधार पडेल. तिने मान हलवली. मी निघाले. वळणावर मागे पाहिलं तर ती अजून तिथेच होती, एक पाय जमिनीवर टेकवून, माझ्याकडे बघत. हात हलवला नाही तिने. मीही हलवला नाही. पुढचा सगळा रस्ता मी सायकल हलक्या गिअरवरच चालवली.

काल तिला घरी यायला उशीर झाला असेल. कुठे होतीस म्हणून तिला विचारू नकोस.

तुझी बहीण,
उज्ज्वला